झिंगूला विचारायचं राहिलं

पोंभुर्ण्याच्या चौकात झेरॉक्सचं दुकान चालवणारा लटारू मोहुर्ले सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वर्गात बसला, तो काही हौसेनं नव्हे. वीस वर्षं तो एका पेपरचा तालुका वार्ताहर होता. यंदा पेपरनं फर्मान काढलं, की पत्रकारितेची पदविका असेल त्याचंच ओळखपत्र नवं होईल. त्या ओळखपत्रावरच तर त्याला तहसीलमध्ये खुर्ची मिळे आणि दुकानात गिऱ्हाईक येई. मग काय, दर शुक्रवारी-शनिवारी एसटीनं चंद्रपूर.

कॉलेजात पुस्तकांपेक्षा प्रात्यक्षिक जास्त. विद्यार्थ्यांनीच बातम्या आणायच्या, लिहायच्या, पानं लावायची आणि महिन्याला चार पानांचा अंक छापायचा. पोरंपोरी लटारूला काका म्हणत आणि मथळे त्याच्याकडून तपासून घेत. पहिले दोन महिने त्याची छाती फुगलेली होती. "आपल्याले हे काय शिकवतीन?" असं तो बायकोला, अन्नपूर्णाला, सांगायचाही.

तिसऱ्या महिन्यात नीलिमा मॅडमनी नवं काम दिलं. मॅडम त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. प्रत्येकानं एक जुनी बातमी घ्यायची, त्या गावी जायचं आणि पुढं काय झालं ते लिहायचं. लटारूनं कात्रणांच्या फाइलीतून आपली सगळ्यात लाडकी बातमी काढली. नऊ वर्षांपूर्वीची, पहिल्या पानावर लागलेली. मथळा होता 'सागवान तस्कर जेरबंद'. मॅडमनी ती पडद्यावर लावली आणि दोनदा वाचली.

"लटारूभाऊ, वनखात्याच्या प्रेस नोटमध्ये 'तस्कर' असंच होतं?"

नोटमध्ये 'चौकशीसाठी ताब्यात' एवढंच होतं. तस्कर लटारूनं केला होता. साध्या शब्दाला पहिलं पान मिळत नसतं.

"आणि हा झिंगू कोडापे स्वतः काय म्हणाला?"

"त्याले... विचारायचं राहिलं, मॅडम."

वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

झिंगू काही परका नव्हता. त्याचं गाव दोन कोसांवर, सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला तो लटारूच्याच दुकानात येई. त्या साली भावाच्या लग्नाच्या मांडवासाठी तो बैलबंडीत लाकडी बल्ल्या घालून आणत होता. वाटेत वनखात्याच्या लोकांनी त्याला अडवलं, कारण त्याच नाल्याकाठी सागाचे ओंडके सापडले होते. ओंडक्यांशी त्याचा काही संबंध नाही म्हणून तिसऱ्या दिवशी सोडूनही दिलं. हे लटारूला तेव्हाच कळलं होतं. पण सुटल्याची प्रेस नोट येत नाही.

रविवारी तो मोटरसायकल काढून गेला. झिंगू अंगणात बांबूच्या कमच्या सोलत बसला होता. त्याच्या बायकोनं, कलाबाईनं, पाणी आणून दिलं आणि ती तिथंच उभी राहिली. लटारूनं कात्रण पुढं केलं. झिंगूनं त्याला हात लावला नाही.

"माही चूक झाली, झिंगूभाऊ. आता खरं लिवतो. फोटो टाकून मोठ्या अक्षरात छापतो."

"कायले?"

"तुमचं नाव साफ होईन."

झिंगूनं कोयता खाली ठेवला. "तुमच्या पेपरानंतर मले कोणी झिंगू नाई म्हटलं, भाऊ. राशनच्या लायनीत 'तस्कर', मयतीत 'तस्कर'. पोरगं शाळेत 'तस्कराचं'. ते मिरची तोडाले तेलंगणात गेलं, ते तिकडंच राह्यलं. सणालेई येत नाई. म्हणते, इथी मले माह्या नावानं बोलावतेत."

राशनच्या लायनीतली ती हाक लटारूनं स्वतः ऐकली होती. एकदा हसलाही होता.

"आता कुठी दोन वर्सं झाले, लोकं विसरून राह्यले," झिंगू म्हणाला. "धाकटीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले. झिंगू तस्कर नोहता असं तुमी छापलं, तं ज्याले मालूम नाई तोई विचारन, कोन झिंगू? कायचा तस्कर?"

"मंग नाव न टाकता लिवतो."

"मांडवाच्या बल्ल्यापायी कोन धरला गेला होता, हे समजाले नाव पायजे का?" कलाबाई एवढंच बोलली आणि रिकामा गिलास उचलून आत गेली.

परतताना लटारू नाल्याच्या पुलावर बराच वेळ गाडी लावून उभा राहिला. वीस वर्षांत त्याला एकच गोष्ट येत होती, लिहिणं. लिहिलं तर झिंगू पुन्हा भरडला जाणार आणि नाही लिहिलं तर पेपरातलं खोटं तसंच खरं म्हणून राहणार.

शुक्रवारी त्यानं मॅडमना सगळं सांगितलं. "ते नको म्हणतात तर छापायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग माह्या चुकीचं काय करू?"

मॅडमनी कात्रणाकडं पाहिलं. "मला माहीत नाही, भाऊ."

अंकात शेवटी लटारूनं बसस्टँडच्या बंद नळाच्या जुन्या बातमीवर लिहिलं. मार्क बरे मिळाले, पदविका हातात आली आणि ओळखपत्रही नवं झालं. एका संध्याकाळी त्यानं अन्नपूर्णाला म्हटलं, पेपरच सोडून देतो. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी पेपर सोडल्यानं झिंगूचं पोरगं वापस येते का?" पेपर सुटला नाही.

आताशा प्रेस नोट आली की तो आधी तिच्यात नाव असलेल्या माणसाचं घर शोधतो. कधी दार बंद असतं, कधी घरचे हात जोडतात, की आमचं काही लिहू नका. तोवर दुसऱ्या पेपरचा वार्ताहर बातमी धाडून मोकळा होतो. मग पेपरच्या चंद्रपूर कचेरीतून फोन येतो, "मोहुर्ले, कोर्स केल्यापासून तुम्ही ढिले पडले." लटारू हो जी म्हणतो, फोन खिशात घालतो आणि आणखी कोणाला विचारायचं राहिलंय ते आठवत बसतो.