गच्चीवरच्या दोन बोटी

दूध उतू जायच्या बेतात होतं, धाकटीचा एक मोजा सापडत नव्हता आणि आमचे हे अर्धी दाढी तशीच ठेवून बातम्या ऐकत उभे होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा आमच्या इमारतीत एकच माणूस. खालच्या मजल्यावरचे शिडवाले काका. बंदराला लागून त्यांचं छोटं दुकान आहे. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या बोटींची शिडं शिवण्यात गेलं, म्हणून शिडवाले.

"ताई, गच्चीची किल्ली हवी होती."

आमचं घर सगळ्यात वर, त्यामुळे किल्ली आमच्याकडे असते. पूर्वी ती न्यायला काकू यायच्या. काकू गेल्या त्याला दोन महिने होत आले, आणि तेव्हापासून काका गच्चीवर फिरकले नव्हते.

"आज संध्याकाळपर्यंत दलालाला सांगायचंय," ते म्हणाले. "कुठली घेतो ते. का कुठलीच नाही."

मी गॅस बंद केला. मोजा शोधायचं काम ह्यांच्या गळ्यात घातलं आणि किल्ली घेऊन स्वतःच निघाले. त्यांना एकट्याला वर जाऊ द्यायला मन धजेना.

दुकान बंद करायचं, एक जुनी शिडाची बोट घ्यायची, तिच्यावरच राहायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, असं काका-काकूंनी ठरवलं होतं. मूलबाळ नाही, मागे ओढ नाही. बंदरात विकाऊ बोटी दोन. एक चाळीस फुटी, एक सव्वीस फुटी. काका पडले शिंपी. माप घेतल्याशिवाय कात्री चालायची नाही. दोन्ही बोटींची मापं काढून आणली आणि शिडावर खुणा करायच्या खडूने गच्चीवर दोन्ही जशाच्या तशा रेखल्या. मोठी गच्चीत मावेना. तिचं टोक सरळ जिन्याच्या भिंतीवर चढलं.

मग वर्षभर रोज संध्याकाळी दोघं त्या रेघांमध्ये राहून बघायचे. रेघेबाहेर पाऊल टाकायचं नाही, तिथे पाणी. मी कपडे काढायला गेले की ऐकू यायचं.

"मोठीत तुला ताठ उभं राहून स्वयंपाक करता येईल," काका म्हणायचे.

"आणि छोटीत तुम्हाला जेवायला वाकून यावं लागेल. बरंच आहे की. आमच्यापुढे एकदा तरी वाकाल."

"अगं, त्या छोटीत एकाला पलीकडे जायचं तर दुसऱ्याने खाली बसायला हवं."

"मग बसा. कोण नको म्हणतंय?"

"बाजारात तुरी," म्हणून आमचे हे हसायचे.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा उमगत नव्हती. मोठ्या बोटीत काकू हौसेने जायच्या. नसलेल्या फळ्यांवर नसलेले डबे लावायच्या. छोटीत मात्र त्या पाऊलच ठेवायच्या नाहीत. बाहेर, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसायच्या आणि तिथून हुकूम सोडायच्या.

"मी नाहीच असं समजा. उचला नांगर. आता शीड वर. अहो, दोन्ही हात तिकडे, मग सुकाणू कोण धरतंय?"

काका धावपळ करायचे. सुकाणूला दोरी बांधायला शिकले, एका हाताने चहा टाकायला शिकले. काकू हसायच्या, हसता हसता त्यांना धाप लागायची. "जिन्याने दम लागतो हो, वय झालं," म्हणायच्या. प्रत्येक मजल्यावर थांबत वर यायच्या, पण यायच्या.

हृदयाचं दुखणं काकूंना वर्षभरापासून माहीत होतं, हे काकांना इस्पितळात डॉक्टरांकडून कळलं. त्या गेल्या त्या दिवशी.

गच्चीचं दार उघडलं. काका उंबऱ्यातच थांबले.

मोठी बोट जवळजवळ पुसून गेली होती. भिंतीवर चढलेलं टोक तेवढं राहिलं होतं. छोटी मात्र ठसठशीत होती. एकाच रेघेवरून पुन्हा पुन्हा खडू फिरला की पांढरा थर बसतो, तशी.

"मोठीची रेघ पुसट झाली की म्हणायची, खडू संपला," काका म्हणाले. "आणि छोटीसाठी बरा सापडायचा."

मी दार भिंतीला टेकवून ठेवलं.

"मला वाटलं, हिला यायचंच नाहीये. म्हणून मोठी नको म्हणते आणि छोटीत पाऊल ठेवत नाही. आठवडाभर बोललो नव्हतो मी तिच्याशी, ताई. शेवटच्या महिन्यातला आठवडा."

"यायचं नसतं तर एवढे जिने चढल्या असत्या का, काका?"

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. "मोठीला दोन माणसं लागतात. मी आपला सगळा हिशेब दोघांचा करत बसलो होतो. ती माझ्या एकट्याचा करत होती."

मग चपला काढून ते छोटीत शिरले. आत जाताना, जिथे छत नव्हतं तिथे, सवयीने वाकले. पुढे गेले, गुडघे टेकले, नांगराची नसलेली दोरी हाताहाताने ओढू लागले. निम्म्यावर हात थबकले. त्यांनी टाकीकडे पाहिलं. कट्ट्यावर आमच्या घरचं एक वाळलेलं पायपुसणं पडलं होतं, दुसरं काही नव्हतं.

"जमत नाही," ते म्हणाले. "हात सगळं ओळखतात, पण पुढचं सुचत नाही. आज नाही जमलं तर दलालाला नाही म्हणून सांगतो. दुकान आहेच."

मी पायपुसणं उचललं. तसेच गुडघ्यावर, माझ्याकडे न बघता ते म्हणाले,

"ताई, तुमची कामं खोळंबली असतील, कळतंय मला. पण थोडा वेळ त्या कट्ट्यावर बसाल? काही सांगू नका. नुसत्या बसा."