पडद्यावर चालू, छापताना बंद

मुंजाभाऊ गेल्याचं मला गंगाखेडच्या एसटीत कळलं. कंडक्टर वालूरचाच, त्यांच्या गावचा. तिकीट देता देता म्हणाला, "ताई, मुंजाभाऊ गेले की हो परवा..."

आमच्या कॉलेजच्या कार्यालयात आम्ही दोघं कारकून. विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षी रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर आला आणि मुंजाभाऊंच्या हवाली झाला. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून विद्यार्थ्यांच्या यादीत शोधायचं. ओळींमागून ओळी यायच्या आणि हवा तो शब्द त्यांत हरवायचा. मुंजाभाऊंनी खटपट करून त्या आज्ञांत रंगाची एक ओळ घातली आणि सापडलेला शब्द लाल दिसू लागला. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं गावच शोधलं. "ताई, बघा की, वालूर कसं लालबुंद दिसायलंय!" एवढं काय त्यात, म्हणून मी हसले.

पुढं ते रजेवर असताना प्राचार्यांना एसटीच्या पाससाठी वालूरच्या मुलांची यादी हवी होती. मी शोधली आणि तशीच छापली. रंगाच्या खुणा कागदावर कंस आणि आकडे होऊन उतरल्या, प्रत्येक वालूरच्या मागंपुढं नुसता कचरा. दुसऱ्या दिवशी प्राचार्य मुंजाभाऊंवर कडाडले, पुन्हा मशीनमध्ये असलं काही घालायचं नाही म्हणून. यादी मी छापली, एवढं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मुंजाभाऊंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "माझंच चुकलं, सर. काढून टाकतो." त्यांनी ती ओळ पुसली. मग त्यांच्या हातून नावं सुटू लागली, आणि दोन महिन्यांत ते आवक-जावकच्या टेबलावर गेले. त्यांच्या खुर्चीत मी बसले.

परवा मुंजाभाऊंच्या घरी, वहिनींना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "त्यायला अक्षर नीट दिसत नव्हतं, ताई. लाल तेवढं दिसायचं. मशीन काढून घेतील म्हणून कुणाला सांगितलं न्हाई." मग त्यांनी तीच, मी छापलेली कचऱ्याची यादी माझ्या हातात दिली. मागं मुंजाभाऊंच्या अक्षरात दोन आज्ञा, खाली लिहिलेलं: 'पडद्यावर रंग चालू, छापताना आपोआप बंद.' तारीख बोलणी खाल्ल्याच्या चौथ्या दिवसाची.

"ताई इचारतील तवा देतो, म्हणायचे," वहिनी म्हणाल्या.

शेजारी बसून मी कधी विचारलंच नाही. खरं सांगायचं तर मला ती खुर्ची आवडली होती.

काल त्या आज्ञा घातल्या. वालूर लाल झालं. छापून पाहिलं, कागद स्वच्छ. "मुंजाभाऊ, बघा की!" म्हणत मी आवक-जावकच्या टेबलाकडं वळले... तिथं नवा माणूस पाकिटांवर शिक्के मारत होता.