लुसियाची पुस्तकं आणि तिचे शेजारी

लायब्ररीची पुस्तकं वेळेवर परत जातात, किस्से मात्र घरातच साठत राहतात! सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमधल्या बुक क्लबचे माझ्याकडे बरेच साठलेत. साल २००३-०४. मेंबर चार. ब्राझीलची, म्हणजे पोर्तुगीज बोलणारी लुसिया, चिप डिझाइन करणारी. अर्जेंटिनाचे रिटायर्ड डेंटिस्ट एर्नेस्तो, वयानं मोठे म्हणून मी त्यांना काका म्हणायचो. बेकरी चालवणारी मेक्सिकोची मार्ता. आणि मी, नागपूरचा. लुसियाला एकच ध्यास, काका आणि मार्ता या दोघा स्पॅनिशवाल्यांनी पोर्तुगीज पुस्तकं वाचावीत!

*

तिनं काकांना शाळेवरची एक कथा मूळ पोर्तुगीजमध्ये दिली.

"डिक्शनरी देऊ?"

"कशाला? स्पॅनिशच आहे की, स्पेलिंग चुकलेलं!"

पुढच्या शनिवारी काका गंभीर. "भयंकर गोष्ट आहे. मास्तरीणबाई दारू प्यायलेल्या बाईला ड्रॉवरमध्ये कोंबतात!"

लुसिया हसून हसून बेजार. 'बोराशा' म्हणून जो शब्द होता, तसाच लिहिलेला स्पॅनिश शब्द म्हणजे दारुडी बाई. पोर्तुगीजमध्ये मात्र खोडरबर!

*

मार्तानं रिस्क घेतली नाही, लुसियानं सुचवलेल्या कादंबरीचं सरळ स्पॅनिश भाषांतर वाचलं. वाचून ढसाढसा रडली. "काय लिहिलंय! मेक्सिकोतली कुठली गं ही लेखिका?"

"ब्राझीलची आहे."

मार्तानं डोळे पुसले. "मग ट्रान्सलेटर मेक्सिकन असणार!"

*

फुटबॉलमध्ये अर्जेंटिना ब्राझीलकडून हरली, त्या आठवड्यात काकांनी लुसियाचं पुस्तक न वाचताच परत केलं. हातात दुसरंच होतं.

"हेही पोर्तुगीजच आहे," लुसिया म्हणाली.

"हो, पण पोर्तुगालचं. त्यांच्याशी माझं भांडण नाही!"

*

एकदा लुसिया खरंच वैतागली. "आम्ही तुमचं सगळं वाचतो. तुम्ही आमचं का नाही वाचत?"

मी समजूतदारपणे म्हणालो, "शेजाऱ्यांचं साहित्य वाचायलाच हवं."

"तुझ्या शेजारच्या भाषा कुठल्या?"

"तेलुगू, कन्नड, गुजराती..."

"त्यातलं काय वाचलंस?"

मी कॉफी आणायला उठलो.

*

काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. वाचायला बंदी, आणि कादंबरी अर्धी राहिलेली. मग लुसिया रोज ऑफिस सुटलं की त्यांच्याकडे जाऊन मोठ्यानं वाचायची, पोर्तुगीजमध्ये. काका मिटल्या डोळ्यांनी मान डोलवत ऐकायचे. लुसिया जाम खूश!

एकदा मी सूप घेऊन गेलो. लुसिया पाणी प्यायला किचनमध्ये गेली, तेव्हा मी विचारलं, "काका, नुसतं ऐकून कळतं?"

"छे! छापलेलं थोडंफार कळतं. कानाला एक अक्षर कळत नाही."

"मग सांगा ना तिला!"

काकांनी माझा हात दाबला. "हळू बोल! गाणं ऐकल्यासारखं वाटतं रे. सांगितलं, तर स्पॅनिशमध्ये वाचायला लागेल ती!"