आत्याचं डोकं दुखत नव्हतं

छावणीच्या बाजारात शेळी विकायला उभी राहिली की आमची आत्या गिऱ्हाइकाला आधी शेळीची खोड सांगायची. ‘‘दूध बक्कळ हाय, पर धार काढताना लाथ मारती. मागून म्हनू नगा.’’ शेजारी उभे असलेले वडील कपाळाला हात लावायचे. गंमत अशी, की तिचीच शेळी सगळ्यांच्या आधी विकली जायची. लोक तिला ‘पंच’ म्हणत. गारखेड्यात कुणाचं भांडण झालं की दोन्ही बाजू आमच्या दारात हजर.

आई मी लहान असतानाच गेली. विधवा होऊन माहेरी आलेल्या आत्यानेच मला वाढवलं. गूळ चोरून खाल्ला आणि नाही म्हटलं, तर ती माझ्या तोंडाकडे बघून हसायची. म्हणायची, ‘‘जगाला काय बी सांग. आपल्या दोघीत लपवाछपवी नाय.’’ मी ते वेदवाक्य मानलं.

मला बघायला पाहुणे आले तेव्हाही तिने बाजाराची रीत सोडली नाही. ‘‘पोरगी रांधती बरी, पर लई तोंडाळ हाय,’’ तिने बैठकीत सांगून टाकलं. वडिलांचा चेहरा पडला. नवरा मुलगा मात्र खो-खो हसला आणि सोयरीक जमली.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. वडिलांच्या विषमज्वरामुळे लग्न एकदा पुढे ढकललं होतं. ‘आता ढकललं तर दुसरी पोरगी बघू,’ असा व्याह्यांचा निरोप होता. त्यातच लग्नाच्या आठवड्यात शेळ्यांसाठी बाभळीची फांदी तोडताना आत्याच्या पापणीला काटा ओरबाडला. ‘‘रांजणवाडी आली म्हनायचं,’’ असं म्हणून ती कामाला लागली. हळदीच्या दिवशी डोळा सुजून पार मिटला होता. कुणी हाक मारली की ती नजर न वळवता अख्खी मान वळवायची. चहा ओतताना धार कपाऐवजी बशीत पडली.

‘‘आत्या, अंग तापलंय तुझं. डोकं दुखतंय का?’’ मी विचारलं.

‘‘चुलीपुढं बसून कुनाचं अंग गार ऱ्हातं? आन् डोकं बिकं काय नाय. माझं कवा दुखलंय?’’

मी विश्वास ठेवला. तिच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

ताप, सुजलेलं तोंड आणि ठणकणारं डोकं, एवढं एकत्र कळलं असतं तर म्हाताऱ्यांनी ‘देवी आली’ म्हणून फोडणी बंद केली असती, हळद थांबवली असती, मांडव उतरवला असता. आत्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून जे दिसत होतं तेवढं तिने कबूल केलं आणि जे दिसत नव्हतं ते गिळलं.

लग्न थाटात लागलं. दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशीच कोसळली. हळदीच्या अंगाने मी आणि माझा नवरा तिला टांग्यात घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी पापणी उचलली. बुबुळ पुढे आलेलं, जागचं हलेना.

‘‘डोकं कधीपासून दुखतंय, बाई?’’

‘‘हळदीच्या आदल्या दिसापास्नं, साहेब. डोळ्याच्या मागं कुनी खिळा ठोकावा तसं.’’

परक्या माणसाला तिने एका दमात खरं सांगितलं. मी समोर उभी होते.

डॉक्टर आमच्याकडे वळले. ‘‘नुसती पापणी सुजते तोवर थोडा वेळ असतो. पण ताप आला, डोळा फिरवताना दुखू लागलं, डोकं ठणकू लागलं, की समजायचं, पू डोळ्याच्या मागे उतरला. मग तास मोजायचे असतात. डोकं दुखलं तेव्हाच आणायला हवं होतं.’’ त्यांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली.

‘‘मला का नाय सांगितलं?’’ मी विचारलं.

‘‘तू लगीन थांबवलं असतं.’’

थांबवलंच असतं! लग्न माझं होतं. ते थांबवायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं. साऱ्या गावाचं दोन्ही बाजूंनी ऐकून घेणाऱ्या या बाईने माझं न ऐकताच निकाल देऊन टाकला. सासरची माणसं म्हणत होती, ‘‘काय सोसलं हो माउलीनं, लग्नाला गालबोट लागू दिलं नाही.’’ ते कौतुक ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या बाईने शेळीची लाथ कधी लपवली नाही, तिने माझ्यापासून स्वतःचं मरण लपवलं होतं.

मग दुसरा डोळाही सुजू लागला. डॉक्टर आमच्याशी बोलायचं टाळू लागले. दोन्ही डोळे मिटलेल्या आत्याने चाचपडत माझा हात धरला.

‘‘रागावली का गं माझ्यावर?’’

‘‘नाय, आत्या.’’

तिने माझ्या तोंडावरून बोटं फिरवली.

‘‘खोटं बोलती,’’ ती म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही.

खोटंच होतं ते. मी रागावले होते. आज माझे केस पिकले, तरी तो राग गेलेला नाही.