मिठाची जागा

“हात शोधाय लागला की माणूस दमतो, वैनी.” हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा तो उजवा हात हवेत फिरवायचा.

सांगलीत आमच्या वरच्या खोलीत तो भाड्यानं राहायचा. मी खानावळ चालवते, त्याचाही डबा माझ्याकडेच. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो घरी बसून करायचा. कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर कंपनी बनवत होती. त्यातली ब्रश, रंग, कात्री, खोडरबर ही बटणं पडद्यावर कुठं ठेवायची, ते यानं ठरवायचं. “एवढंच काम?” असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. तुम्हीही विचारलं असतं.

बिस्किटांच्या पुड्यांचे पुठ्ठे कापून तो बटणं करायचा आणि कपाटाच्या आरशावर चिकटवायचा. केस विंचरायला आरसा उरायचा नाही, आणि त्याच्या केसांकडे बघून ते कळायचंही. डबा घेऊन गेले की म्हणायचा, “जरा दोन मिंटं बसा की. डोळं मिटा. आता सांगा, रबर कुठं हाय?” माझं बोट नेमकं कात्रीवर पडायचं. तो खूश व्हायचा आणि पुठ्ठे उचलून दुसरीकडे लावायचा. माझ्या मिस्टरांनाही तो बसवायचा, कागदावर चित्र काढता काढता बटणं शोधायला लावायचा. ते फौजेतून आलेले. काहीही काढायला सांगा, रेघच काढायचे, तीही सरळ.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, आज जमलेली मांडणी हा उद्या आपणच मोडतो. मोडली की कुणाला तरी वर बोलवता येतं. जतकडचा गडी. आई गेलेली, भाऊ मेंढरं घेऊन रानोमाळ. भावाचा फोन आला की खिडकीशी जाऊन मोठमोठ्यानं बोलायचा आणि फोन तुटला तरी तिथंच उभा राहायचा. मला ते बघवायचं नाही.

मग कंपनीनं निकड लावली. या आठवड्यात मांडणी दे, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. याचा डबा न उघडताच खाली यायला लागला. शेवटी मी वर गेले.

“आरं, जेवत का न्हाईस?”

“वैनी, एक मागू? डब्यात डावं-उजवं नसतंय. सगळं एकावर एक रचल्यालं. एकदा ताट वाढा की.” मग घाईनं म्हणाला, “कामासाठीच म्हणतोय.”

दुपारची गर्दी ओसरल्यावर त्याला आमच्या स्वयंपाकघरात बसवला. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे वांग्याची भाजी आणि आमटी. तो मिस्टरांशी गप्पा मारत जेवत होता. आमटी जरा अळणी झाली होती. बोलता बोलता, ताटाकडे न बघता, त्याचा हात मिठाकडे गेला आणि तिथंच थांबला.

“आई असंच वाढायची,” तो म्हणाला. “ती गेल्यापास्नं कुणी वाढलंच न्हाई, वैनी.”

मी भाकरी आणायच्या निमित्तानं उठले, नाहीतर तिथंच रडले असते.

त्याच संध्याकाळी त्यानं मांडणी लावली. सतत लागणारे ब्रश आणि रंग उजवीकडे, क्वचित लागणारं सगळं डावीकडे, खोडरबर वर मधोमध. ही मात्र त्यानं मोडली नाही. कंपनीला ती इतकी आवडली, की त्यांनी त्याला बंगळूरच्या ऑफिसात बोलावून घेतलं. निघताना पाया पडला. “थितं कँटीन हाय, वैनी. जेवायची काळजी न्हाई,” म्हणाला. सुरुवातीला फोन यायचे, मग कमी झाले, मग थांबले.

परवा खानावळीची नवी पाटी छापायला फ्लेक्सच्या दुकानात गेले होते. तिथल्या मुलीच्या पडद्यावर तेच सॉफ्टवेअर होतं. मी बघताक्षणी ओळखलं. ती माझ्याशी बोलत होती, आणि तिच्या माउसचा बाण आपसूक वर मधोमध जाऊन चुकलेलं अक्षर खोडून येत होता.

“रबर तिथंच कसं गं?” मी विचारलं.

“काय की, काकू. हात आपला जातोय तितं.”

“तिथं मीठ असतं,” मी म्हणाले. तिला वाटलं मी चेष्टा करतेय, ती हसली.

बंगळुरात त्याला कुणी वाढतं का, एवढंच मला कुणाला तरी विचारायचं होतं. ती मुलगी पुढचं अक्षर खोडायला रबर उचलत होती, तिकडे न बघता.