क्वार्टरमागची बहीण

तुळसाबाईच्या खोलीत भिंतीला एकही खिळा नव्हता. कपडे गाठोड्यात, भांडी पेटीत, तुळस रंगाच्या रिकाम्या डब्यात. ऊठ म्हटलं की उठायची तयारी. कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर ६ मध्ये मारोतरावांच्या क्वार्टरमागे, त्या पत्र्याच्या खोलीत तिची पंधराएक वर्षं गेली, पण बूड टेकल्यासारखं तिला कधी वाटलंच नाही.

बाई गोंदियाकडची, नवऱ्यामागे एकटी. कारखान्यात ठेकेदाराकडे झाडूकाम करायची, मारोतराव तिथेच क्लार्क. खोलीला भाडं नाही, बदल्यात घरची धुणीभांडी. क्वार्टरमध्ये बाहेरचं माणूस ठेवायला मनाई, म्हणून मारोतरावांनी पहिल्याच दिवशी तिला पढवलं होतं, "कोनी विचारलं त सांगजो, मी मारोतरावची बहीण होय."

तुळसाबाईनं ते फारच मनावर घेतलं. त्याच दिवाळीत भाऊबीजेला ओवाळणीचं ताट घेऊन दारात हजर! मारोतराव गडबडले, पण पाटावर बसले. मग दरवर्षीच बसत गेले, आणि सुशीलावहिनी नणंदेसाठी म्हणून लुगडं आणून ठेवू लागल्या.

यंदा मारोतराव रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं आणि पद्मनाभपूरला स्वतःच्या घरी जायचं ठरलं. माझं काय, असं तुळसाबाईनं विचारलं की ते म्हणत, पाहू. त्या 'पाहू'नं तिचा जीव टांगणीला लागला. सुट्टीच्या दिवशी ती खोल्या शोधत वणवण हिंडली. जवळची खोली अर्धा पगार खाणार. लांब कुम्हारीला परवडण्यासारखी होती, पण तिथून पहिली बस येईस्तोवर गेटवरची हजेरी आटोपून जायची. भांडी अर्धवट टाकून ती उगाच पुढच्या फाटकाशी जाऊन उभी राही आणि परत येई. शेवटी तिनंच मनाची समजूत घातली, की भाऊ काही बहिणीला रस्त्यावर टाकत नाही.

सामान हलवायच्या दिवशी तिनं आपली पेटी गुपचूप टेम्पोत चढवली. मारोतरावांनी ते पाहिलं. ते काही बोलणार, तेवढ्यात क्वार्टरचा ताबा घ्यायला आलेल्या बाबूनं हसून विचारलं, "बहनजी भी साथ जा रही हैं?"

नाही म्हणावं तर इतक्या वर्षांचं खोटं उघडं पडणार. मारोतरावांनी मान हलवली, हां म्हणाले. तुळसाबाई तुळशीचा डबा मांडीवर घेऊन टेम्पोत बसली आणि तिनं ऐसपैस पाय पसरले.

चौक ओलांडल्यावर टेम्पो थांबला. मारोतरावांनी स्वतःच्या हातानं पेटी खाली उतरवली. तिथं घरामागं खोलीला जागाच नाही, समजून घे, असं काहीसं ते पुटपुटले. पुढच्या सीटवरच्या सुशीलावहिनींनी वळून पाहिलं नाही. या माणसांचा राग येतो, आणि त्यांचं घरही दोनच खोल्यांचं होतं हेही खरं.

तुळसाबाई उतरून पेटीवर बसली, उठली, पुन्हा बसली. मारोतराव टेम्पोत चढू लागले तेव्हा तिनं विचारलं, "दादा, भाऊबीजेले येऊ ना मी?"

"पाहू," मारोतराव म्हणाले.