वरातीची घोडी आणि घरचा पेंढा
परवा नातीच्या खरचटलेल्या गुडघ्याला तपकिरी औषध लावलं आणि त्या वासासरशी मला आमची शहाडची पांढरी घोडी आठवली. वरातीसाठी पाळलेली, पण माझी लेकच म्हणा ना. एकदा पत्रा लागून तिचा मागचा पाय चिरला, ती तो टेकवेचना. आम्ही भात पिकवणारी माणसं, तिला मऊ वाटावं म्हणून घरच्या पेंढ्याचं जाड अंथरूण घातलं, तर अंगभर गांधी उठल्या आणि खोकून खोकून ती बेजार झाली. कल्याणहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी टाके घातले, मग मूठभर पेंढा उन्हात झटकला. "काकू, या धुळीची हिला ॲलर्जी आहे. आणि पाय टेकायला लागली नाही, तर कायमची लंगडेल." आमचे हे म्हणाले, "शेतकऱ्याच्या घरी येऊन पेंढा सोसत नाही, कसली ही सून." दीर तर तिला देऊन टाकायला निघाले. मी म्हटलं, "भावजी, द्यायचीच तर मला द्या." सगळा पेंढा काढला, रेती पसरली, गवत भिजवून घातलं, रोज तेच तपकिरी औषध लावून पट्टी बदलली. खोकला थांबला, पाय मात्र अधांतरीच. मग शेजारी हळदीचा मांडव उभा राहिला, बँडवाले आले. पहिली थाप पडली तशी बाईसाहेबांनी कान टवकारले, पाय हळूच टेकवला आणि ती ठेक्यावर नाचायलाच लागली. दोर धरून मी तिच्यामागे फरफटत हसतेय, आणि भावजी म्हणतायत, "वहिनी, आवरा तिला, टाके उसवतील." आजही कुठे वरात दिसली की मी नवरदेवाकडे बघतच नाही, आधी घोडीचे चारही पाय बघते.